आधी नक्कल, मग दुरुस्ती

अहिल्यानगर (पूर्वीच्या नगर) जिल्ह्याच्या उत्तरेकडच्या तालुक्यांत, संगमनेर-अकोल्यापासून राहात्यापर्यंत, दूध संकलन केंद्रातला संगणक ही आता वजनकाट्याइतकीच साधी वस्तू झाली आहे. पहाटे कॅन काट्यावर चढतो, वजन, फॅट, एसएनएफ आणि दर पडद्यावर उमटतात, आणि दहा दिवसांनी त्याच आकड्यांतून बिल निघतं. पशुखाद्याची उचल त्यातूनच वजा होते, दिवाळीचा बोनसही त्याच नोंदींवरून ठरतो. ही सगळी नोंद ज्या एका हार्ड डिस्कवर असते, ती पत्र्याखालच्या तापलेल्या खोलीत आणि केव्हाही जाणाऱ्या विजेवर वर्षानुवर्षं चालत राहते. गावातल्या पतसंस्थेचं, लग्नं टिपणाऱ्या फोटो स्टुडिओचं, शाळेच्या जुन्या निकालपत्रांचंही तेच.

मग एक दिवस मशीन अडखळायला लागतं. बिलाची खिडकी उघडायला मिनिटं लागतात, मधेच निळा पडदा येतो, एखादी फाइल कॉपी होता होता अर्ध्यावर थांबते. आणि कुणीतरी मदतीला येऊन म्हणतो, "दादा, विंडोज खराब झालीय. फॉरमॅट मारून देतो, नव्यासारखा पळेल."

सांगणाऱ्याच्या मनात खोट नसते. शंभरातल्या कितीतरी मशीनना त्यानं खरंच गुण आलेला असतो. पण अडखळण्याचं कारण विंडोज नसून डिस्क असेल, तर या एका वाक्यानं दूधवाल्यांचा सगळा हिशेब जातो. फॉरमॅटनं फाइलींची यादी पुसली जाते, आणि मरायला टेकलेल्या डिस्कवर नव्या विंडोजचे कित्येक गिगाबाइट लिहिले जातात. नेमके कुणाच्या नोंदींवर, ते आधी सांगता येत नाही. म्हणून हे प्रकरण एकाच क्रमाबद्दल आहे: जे वाचता येतंय ते आधी दुसरीकडे उतरवून घ्यायचं, आणि दुरुस्तीचा विचार नंतर करायचा, तोही उतरवलेल्या प्रतीवर.

हा क्रम का, ते कळण्यासाठी डिस्कच्या आत डोकवावं लागेल. १९५६ साली आयबीएमनं पहिली हार्ड डिस्क बाजारात आणली तेव्हा तिच्यात २४ इंच व्यासाच्या ५० तबकड्या होत्या आणि त्या सगळ्यांवर मिळून ५० लाख अक्षरं मावत. आज टेबलाखालच्या पेटीतली साडेतीन इंची डिस्क त्याच तत्त्वावर चालते. चुंबकी लेप दिलेल्या तबकड्या फिरतात आणि एका दांडीच्या टोकावरचं हेड त्यांवरच्या खुणा वाचतं. मिनिटाला ७,२०० फेरे घेणाऱ्या तबकडीची बाहेरची कड ताशी सुमारे १३० किलोमीटर वेगानं धावते. हेड तिला टेकत नाही. हवेच्या पातळ थरावर, तबकडीपासून अवघ्या काही नॅनोमीटरवर तरंगत राहतं. माणसाचा केस सुमारे ७० ते ८० हजार नॅनोमीटर जाड असतो, त्यावरून या अंतराची कल्पना यावी.

या अंतरात आतला एखादा कण सापडला किंवा धक्क्यानं हेड टेकलं, की लेपावर ओरखडा उठतो. ओरखड्यातून सुटलेले कण पुन्हा हेडखाली येतात आणि नवे ओरखडे पाडतात. बिघाड म्हणूनच एका जागी थांबत नाही. अचानक वीज गेली तर फिरत्या तबकडीच्या उरलेल्या गतीतून मिळणाऱ्या विजेवर हेड आपल्या जागी परत आणण्याची सोय डिस्कमध्ये असते. ती सोय चांगली आहे, पण ती अडचणीच्या वेळेसाठी आहे. जिथे वीज दिवसात चार वेळा जाते तिथे तिच्यावर रोजचा भार पडतो. बाहेरची धूळ सहसा डिस्कच्या आत शिरत नाही. ती पंखा आणि जाळी बुजवते, आणि डिस्क तापते.

तबकडीवरची माहिती सेक्टर नावाच्या छोट्या कप्प्यांत बसवलेली असते. पूर्वी एका सेक्टरमध्ये ५१२ बाइट मावत, २०१० च्या सुमारापासून ४,०९६ बाइटचे सेक्टर रूढ झाले. प्रत्येक सेक्टरबरोबर काही पडताळणीची अक्षरंही लिहिलेली असतात. वाचताना थोडंफार चुकलं तर डिस्क त्यांच्या आधारे स्वतःच चूक सुधारते आणि आपल्याला पत्ताही लागत नाही. चूक त्या अक्षरांच्या आवाक्याबाहेर गेली, की डिस्क तोच सेक्टर पुन्हा वाचायचा प्रयत्न करते. हेड किंचित इकडे, किंचित तिकडे, पुन्हा एक फेरा, पुन्हा एक. घरगुती डिस्क एका सेक्टरसाठी अशी मिनिटभरही झगडू शकते. आपण ज्याला "हँग झालंय" म्हणतो, ते कित्येकदा हे झगडणं असतं. त्या वेळी वैतागून बटण दाबून मशीन बंद करणं म्हणजे आजारी हेडला आणखी एक धक्का.

डिस्क स्वतःच्या तब्येतीची नोंद ठेवते. स्मार्ट या नावानं ती ओळखली जाते आणि फुकट मिळणाऱ्या छोट्या प्रोग्रॅमनं वाचता येते. त्यातल्या तीन ओळी आधी पाहाव्यात. ५ क्रमांकाच्या ओळीत किती सेक्टर बाद करून राखीव जागेत हलवले ते असतं. १९७ मध्ये वाचता न आल्यामुळे अजून निकाल न लागलेले सेक्टर मोजलेले असतात. १९८ मध्ये तपासणीत सुधारता न आलेले येतात. आणखी एक ओळ १९९ क्रमांकाची. तो आकडा वाढत असेल, तर दोष बहुधा डिस्कचा नसून केबलचा असतो. म्हणून घाबरण्याआधी केबल बदलून पाहावी. कित्येकदा बरीच धावपळ तिथेच वाचते.

स्मार्टवर किती विसंबावं? २००७ साली गूगलच्या तीन अभियंत्यांनी आपल्या एक लाखाहून जास्त डिस्कांचा अभ्यास प्रसिद्ध केला. तपासणीत पहिली चूक सापडल्यानंतरच्या ६० दिवसांत ती डिस्क बंद पडण्याची शक्यता चूक न सापडलेल्या डिस्कच्या ३९ पट असते, असं त्यांना दिसलं. पण बंद पडलेल्यांपैकी ५६ टक्के डिस्कांनी महत्त्वाच्या चार खुणांपैकी एकही दाखवली नव्हती. याचा अर्थ मी असा घेतो: स्मार्टनं धोका सांगितला तर त्याच दिवशी कामाला लागावं, त्यानं सगळं ठीक म्हटलं तर त्यावर निर्धास्त होऊ नये.

आता कान द्यायचा. डिस्कमधून टक्-टक् असा एकसारखा आवाज येत असेल, किंवा खरवडल्यासारखं ऐकू येत असेल, तर घरी काहीही करू नये. टक्-टक् म्हणजे हेडला तबकडीवरच्या वाटदर्शक खुणाच सापडत नाहीत आणि ते पुन्हा पुन्हा सुरुवातीला परततंय. खरवडण्याचा आवाज म्हणजे लेप जातोय. अशी डिस्क बंद करावी, मऊ वेष्टनात ठेवावी आणि त्यातली माहिती खरंच मोलाची असेल तर पुण्या-मुंबईच्या डेटा रिकव्हरी प्रयोगशाळेत न्यावी. तिथे धूळमुक्त खोलीत तशाच दुसऱ्या डिस्कचं हेड बसवून वाचन होतं. डिस्क फ्रीजमध्ये ठेवण्याचा उपाय अजून सांगितला जातो. त्यानं तबकडीवर दव जमतं आणि प्रयोगशाळेचंही काम अवघड होतं. खालचं सर्किट दुसऱ्या डिस्कवरून काढून लावणंही आता बहुधा चालत नाही, कारण त्या विशिष्ट डिस्कची जुळणी त्याच सर्किटवरच्या चिपमध्ये साठवलेली असते.

पण डिस्क आवाज न करता नुसती मंद झाली असेल, काही फाइली उघडत असतील आणि काही नसतील, तर तिची नक्कल करून घेणं घरच्या किंवा तालुक्याच्या दुकानातल्या माणसाला शक्य आहे.

नक्कल दोन प्रकारे होते. एक म्हणजे विंडोजमधून फाइली उचलून दुसऱ्या डिस्कवर टाकणं. निरोगी डिस्कला हे ठीक. आजारी डिस्कवर मात्र प्रत्येक फाइलसाठी हेड आधी यादीकडे, मग फाइलीच्या तुकड्यांकडे असं सगळ्या तबकडीभर धावतं, आणि पहिल्याच वाईट सेक्टरवर काम अडतं. मोजक्या फाइलीच हव्या असतील, तर त्या सर्वांत आधी अशा उचलून घेणं शहाणपणाचं आहे. दूध केंद्राचा सगळा डेटाबेस कित्येकदा काही शे मेगाबाइटांत मावतो. दुसरा प्रकार म्हणजे फाइल म्हणजे काय याचा विचारच न करता पहिल्या सेक्टरपासून शेवटच्यापर्यंत जे आहे ते जसंच्या तसं उतरवणं. याला क्लोन म्हणतात. यात विंडोज, तिची गुपितं, पुसलेल्या फाइलींचे अवशेष, सगळंच येतं, आणि हेडला एका दिशेनं शांतपणे सरकता येतं.

नक्कल करणाऱ्यानं काय करू नये, याचा एक मोठा धडा याच जिल्ह्यात सुरू झालेल्या ग्रंथानं दिला आहे. प्रवरेकाठच्या नेवाशात शके १२१२ मध्ये, म्हणजे १२९० साली, ज्ञानेश्वरी सांगितली गेली आणि सच्चिदानंदबाबांनी ती लिहून घेतली. पुढची जवळजवळ तीनशे वर्षं ती हातानं उतरवली जात राहिली. उतरवताना शब्द गळले, बदलले, आणि काहींनी स्वतःच्या ओव्याही आत बसवल्या. पैठणच्या एकनाथांनी शके १५०६ मध्ये, १५८४ साली, तिचा पाठ शुद्ध केला आणि यापुढे कोणी यात आपली ओवी मिसळू नये अशी ताकीद देऊन ठेवली. गळलेली जागा रिकामी सोडणारा लेखनिक वाचकाला निदान सांगतो की इथे काही होतं. ती जागा आपल्या शब्दांनी भरणारा लेखनिक ते कळण्याची वाटच बंद करतो. एकनाथांपुढे ताडून पाहायला इतर प्रती होत्या. दूध केंद्राची डिस्क एकच असते, त्यामुळे तिथे ही शिस्त आणखी काटेकोर हवी.

विंडोजची डिस्क तपासून दुरुस्त करणारी आज्ञा, जी चेकडिस्क म्हणून ओळखली जाते, ती या दुसऱ्या लेखनिकासारखी वागते. तिचा हेतू डिस्क वापरण्यायोग्य करणं हा आहे, माहिती वाचवणं हा नाही. जुळत नसलेल्या नोंदी ती काढून टाकते, तुकड्यांना नवी नावं देते, यादी नीट लावते, आणि हे सगळं मूळ डिस्कवरच लिहिते. प्रतीवर ती चालवायला हरकत नाही. मूळ डिस्कवर कदापि नको. "डिस्क इनिशिअलाइज करू का" किंवा "फॉरमॅट करू का" असं विंडोजनं विचारलं, तर उत्तर नेहमी नाही.

यासाठी माझ्या मते सर्वांत भरवशाचं साधन म्हणजे डीडीरेस्क्यू. आंतोनियो दियास दियास या प्रोग्रॅमरनं ते लिहिलं, २००४ पासून ते चालत आलं आहे, ते मोफत आहे आणि पेनड्राइव्हवरून सुरू होणाऱ्या लिनक्समध्ये वापरता येतं. क्लोन करणारे बरेच सोपे आणि देखणे प्रोग्रॅम वाईट सेक्टर दिसला की थांबतात किंवा त्याच्याशी झुंजत बसतात. ते निरोगी डिस्क मोठी करून घेण्यासाठी बनलेले असतात. डीडीरेस्क्यूचा विचारच उलटा आहे. पहिल्या फेरीत तो जिथे अडचण दिसते तिथून पुढे उडी मारतो, आणि पुन्हा अडलं तर उडी आणखी लांब. त्यामुळे डिस्कचा निरोगी भाग, जो बहुतेक वेळा सगळ्यात मोठा असतो, तो हेड शाबूत असतानाच हाती लागतो. पुढच्या फेरीत तो उलट दिशेनं येतो. मग सोडलेल्या पट्ट्यांच्या कडा कुरतडत आत सरकतो. त्यानंतर उरलेल्या भागात एकेक सेक्टर वाचून पाहतो. आपण सांगितलं तरच सगळ्यात शेवटी वाईट सेक्टरांवर पुन्हा प्रयत्न करतो. मरणाऱ्या डिस्कमध्ये वाचनाचे किती प्रयत्न शिल्लक आहेत ते कुणालाच ठाऊक नसतं; ते आधी सोप्या जागी खर्च करावेत, हे या क्रमामागचं तत्त्व आहे.

या सगळ्याची नोंद तो एका छोट्या मजकुराच्या फाइलीत ठेवतो. तिला नकाशा म्हणतात. कुठून कुठपर्यंत वाचून झालं, कुठे अजून हात लावला नाही, कुठे वाचता आलंच नाही, हे तीत चिन्हांनी लिहिलेलं असतं. आपल्याकडच्या विजेच्या दृष्टीनं ही फाइल सोन्यासारखी आहे. भारनियमनात मशीन बंद पडलं, तर तीच आज्ञा तोच नकाशा दाखवून पुन्हा द्यावी. काम थांबलं होतं तिथून पुढे सुरू होतं. अट एवढीच, की नकाशा तिसऱ्या जागी, वेगळ्या पेनड्राइव्हवर ठेवलेला हवा. पेनड्राइव्हवरून चालणारं लिनक्स आपल्या फाइली बहुधा संगणकाच्या तात्पुरत्या स्मृतीत ठेवतं, आणि वीज जाताच ती स्मृती रिकामी होते. नकाशा तिथेच राहिला तर पुन्हा पहिल्या सेक्टरपासून सुरुवात, आणि हेडला सगळा त्रास दुसऱ्यांदा. यूपीएस असेल तर उत्तमच, पण नकाशा तरीही वेगळा.

वेळेचा हिशेब आधीच मनाशी करावा. १ टीबीची डिस्क सेकंदाला १०० मेगाबाइट या वेगानं वाचली तर पावणेतीन तास पुरतात. तीच जुन्या यूएसबी २ जोडणीतून, सेकंदाला ३० मेगाबाइटनं, नऊ तासांच्या वर जाते. म्हणून शक्य तर दोन्ही डिस्का साटा केबलनं थेट बोर्डाला जोडाव्यात. आणि १०,००० सेक्टरांनी प्रत्येकी २० सेकंद घेतले, तर तेवढ्यालाच दोन दिवसांहून जास्त लागतात. दुकानदार "संध्याकाळपर्यंत देतो" म्हणत असेल, तर ग्राहकानं घाई करू नये असं मला मनापासून वाटतं. आजारी डिस्क सपाट ठेवून तिच्यावर छोटा पंखा सोडावा, आणि चालू असताना हलवू नये.

नवी डिस्क जुनीइतकी किंवा तिच्याहून मोठी हवी, आणि तुलना पाकिटावरच्या टीबीची नव्हे, सेक्टरांची. सर्वसाधारण १ टीबी डिस्कवर ५१२ बाइटचे १,९५,३५,२५,१६८ सेक्टर असतात. एक सेक्टर कमी असला तरी शेवट कापला जातो. जीपीटी पद्धतीच्या डिस्कवर विभागांच्या तक्त्याची राखीव प्रत नेमकी त्या शेवटच्या भागात असते.

सगळ्यांत भयंकर चूक मात्र तंत्राची नाही, दिशेची आहे. कोणती डिस्क मूळ आणि कोणती नवी हे उलटं सांगितलं, तर संगणक काही न विचारता कोऱ्या डिस्कची नक्कल हिशेबाच्या डिस्कवर उतरवतो, आणि त्यावर इलाज नाही. लिनक्समध्ये डिस्कांना दिलेली छोटी नावं मशीन पुन्हा सुरू केल्यावर बदलू शकतात. त्यामुळे नावावर विसंबू नये. दोन्ही डिस्कांच्या लेबलवरचे सीरियल नंबर कागदावर लिहून घ्यावेत, पडद्यावर दिसणाऱ्या नंबरांशी ताडावेत, आणि जवळ दुसरं माणूस असेल तर त्याला मोठ्यानं वाचायला सांगावं.

आजकालच्या एसएसडीत तबकडी नाही, हेड नाही, म्हणून इशाऱ्याचा आवाजही नाही. ती कित्येकदा कालपर्यंत छान चालून आज ओळखच दाखवत नाही. ती अजून दिसत असेल तर वर सांगितलेला क्रम तिलाही लागू पडतो. डिस्क बिटलॉकरनं कुलूपबंद असेल तर नक्कलही कुलूपबंदच येते. ४८ आकडी रिकव्हरी की आधी शोधून ठेवावी.

नक्कल पुरी झाली की जुनी डिस्क काढून घ्यावी. दोन्ही डिस्कांची अंतर्गत ओळख आता सारखीच असल्यानं, त्या एकत्र जोडल्या तर विंडोज गोंधळते आणि एक डिस्क ऑफलाइन ठेवते. जमल्यास नव्या प्रतीची आणखी एक प्रत काढून दुरुस्तीचे प्रयोग त्या दुसऱ्या प्रतीवर करावेत.

उरलेल्या रिकाम्या जागांचं काय? नकाशात त्या सेक्टरांचे क्रमांक आहेत, पण त्या जागी कोणती फाइल होती हे माणसाला क्रमांकांवरून कळत नाही. डीडीरेस्क्यूमध्ये यासाठी एक सोय आहे, आणि ती फार थोड्यांना माहीत आहे. न वाचलेल्या सेक्टरांच्या जागी, प्रतीवर, आपल्याला हवा तो शब्द भरायला त्याला सांगता येतं. इतर कुठल्याही फाइलीत सापडणार नाही असा एखादा विचित्र अक्षरसमूह निवडायचा, तो भरायचा, आणि मग सगळ्या फाइलींत तो शोधायचा. ज्या फाइलींत तो सापडेल त्या फाटलेल्या, बाकीच्या पूर्ण. भरलेला शब्द मूळ मजकुराचं सोंग घेत नाही. तो ओरडून सांगतो, की इथलं वाचता आलं नाही.

केंद्राच्या माणसाला ही यादी छापून द्यावी. त्यात विंडोजच्याच काही फाइली असतील तर नवी विंडोज टाकून भागतं. आता फॉरमॅट मारायला हरकत नाही, पण कुठल्या तरी तिसऱ्या डिस्कवर. यादीत एखाद्या महिन्याची संकलनाची फाइल असेल, तर त्या महिन्याच्या छापील पावत्या आणि सभासदांच्या दूध कार्डांवरचे आकडे अजून गावात आहेत. एकेका घरून ती कार्डं मागवून तेवढेच दिवस पुन्हा भरता येतात, कारण नेमके कोणते दिवस गेले आहेत हे ठाऊक असतं. ते काम आटोपेपर्यंत जुनी डिस्क नकाशाच्या पेनड्राइव्हसकट एका पाकिटात घालून, वर तारीख आणि "आजारी, लिहू नये" असं लिहून, कपाटात ठेवावी.